पेटीवर गाव कुणाचं?

आमच्या पडवीत खिळ्याला एक पत्र्याचा साचा टांगलेला असतो. हापूसच्या पेटीवर नाव उठवण्यासाठी वडिलांनी तो राजापुरात कापून घेतला होता. साचा फळीवर दाबून धरायचा, वरून काळ्या शाईचा ब्रश फिरवायचा, की पेटीवर आमच्या गावाचं नाव उमटतं, खाली 'ता. राजापूर' आणि वडिलांची आद्याक्षरं. लहानपणी साचा धरायचं काम माझ्याकडे असे. बोटांना लागलेली शाई आठ-आठ दिवस जात नसे.

आमची कलमं वाघोटण नदीच्या खाडीच्या उत्तर अंगाला, सड्यावर म्हणजे कातळाच्या पठारावर आहेत. तिथून पलीकडचा काठ दिसतो, तो देवगड तालुका. कातळ तोच, खारं वारं तेच, आणि कातळ फोडून, खड्ड्यात बाहेरची माती भरून कलम जगवायची पद्धतही तीच. १९८१ साली सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला, तोवर दोन्ही काठ रत्नागिरी जिल्ह्यातच होते. आता पलीकडच्या पेटीला बाजारात एक भाव मिळतो आणि अलीकडच्या पेटीला दुसरा. दहाएक वर्षांपूर्वी वाशीच्या दलालांनी वडिलांना फोनवर सांगितलं, "अण्णा, पेटीवर देवगड टाका. माल तुमचा चांगलाच आहे, नावाने डझनामागे शंभरभर रुपये जास्त पडतील." वडील म्हणाले, "आमच्या गावाला काय झालं?" आणि विषय तिथेच संपवला. त्या हंगामात वाडीतल्या दोघांनी मात्र साचा बदलला. मी त्यांना दोष देत नाही. फवारणीच्या औषधाची उधारी डोक्यावर असताना डझनामागचे शंभर रुपये सोडून देणं सोपं नसतं.

खाद्यपदार्थांच्या नावांच्या संरक्षणाविषयी बोलताना मी इथून सुरुवात करतो, कारण नाव हिरावलं जातं ते दर वेळी परराज्यातला माणूस येऊनच असं नाही. कधी ते आपल्याच हाताने पेटीवरून पुसलं जातं. आणि ज्या कायद्याने हे थांबायला हवं होतं तो नोंदवहीत छान आहे, पेटीपर्यंत मात्र पोचलेला नाही.

कायदा काय सांगतो ते आधी पाहू. वस्तूंच्या भौगोलिक मानांकनाचा (जीआय), म्हणजे मुलखाचं नाव तिथल्याच मालाला राखून ठेवण्याचा, आपला कायदा १९९९ चा, अंमल सप्टेंबर २००३ पासून. पहिली नोंद दार्जिलिंगच्या चहाची. कोकणच्या हापूसची नोंद २०१८ साली झाली आणि ती पालघर, ठाणे, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या पाच जिल्ह्यांसाठी आहे. दापोलीचं कृषी विद्यापीठ आणि बागायतदारांच्या संस्था यांनी त्यासाठी वर्षानुवर्षं कागद हलवले. देवगडकरांना देवगडचं वेगळं नाव हवं होतं, रत्नागिरीकरांना रत्नागिरीचं. शेवटी एकत्र नोंद झाली. खाडीच्या अलीकडे राहणारा मी त्या निर्णयाच्या बाजूचा आहे, कारण कातळाला तालुक्याची हद्द कळत नाही. पण देवगडकरांची बोच खोटी नव्हती. पाच जिल्ह्यांच्या एका मोठ्या नावाखाली प्रत्येक काठाची ओळख झाकली जाते, ही त्यांची भीती होती. तिचं उत्तर नोंदवहीत मिळणार नव्हतं आणि मिळालंही नाही. ते पेटीवर द्यायला हवं होतं.

या कायद्यातली एक तरतूद मला फार आवडते. मानांकनातलं नाव विकता येत नाही, कुणाला बहाल करता येत नाही, गहाणही टाकता येत नाही. जमीन गहाण पडते, बाग पाच वर्षांच्या कराराने दुसऱ्याकडे जाते, पण नाव त्या मुलखाचंच राहतं. कंपनीचा ट्रेडमार्क आणि हे नाव यांतला सगळा फरक यात आला. ट्रेडमार्क पैसेवाल्याला विकत घेता येतो. 'कोकण' कुणालाही विकत घेता येत नाही, निदान कागदावर तरी.

आता बाजारात या. तीन-चार वर्षांपूर्वी एप्रिलच्या सुरुवातीला मी परळला आत्याकडे गेलो होतो. तिने दादरहून पेटी आणली होती, वर मोठ्या अक्षरांत 'देवगड हापूस'. आमच्याकडचा आंबा त्या साली उशिरा होता, म्हणून तिने बाहेरून घेतलेली. पेंढा बाजूला केला, खालच्या थराचे आंबे काढले, तर तळाला वर्तमानपत्र अंथरलेलं, कानडी. आत्या म्हणाली, "बघ रे, देवगडात कधीपासून कानडी पेपर वाचायला लागले?" आंबा कापला. साल जाड, आतला रंग पिवळा, आमच्या फळाचा केशरी नव्हे. चवीला वाईट नव्हता. पण पैसे तिने देवगडचे मोजले होते आणि पेटीत देवगड नव्हतं.

कुणी म्हणेल, चव कळणाऱ्याला कळते, नाव हवं कशाला? जो आंबा घेतो त्याला विचारा. पेटी घेताना फळ कच्चं, कडक असतं. आठ-दहा दिवस अढीत ठेवायचं, मग कापायचं. चव कळेपर्यंत विकणारा पैसे घेऊन गेलेला असतो. साडी हात लावून घेता येते, मासळीचे कल्ले उघडून बघता येतात. आंब्याच्या बाबतीत गिऱ्हाईक फक्त नावावर विश्वास टाकून पैसे देतं. म्हणून या फळात नावाची किंमत इतकी आहे आणि म्हणूनच त्याची खोटी छपाई इतकी फायद्याची.

कर्नाटकातल्या शेतकऱ्याबद्दल माझ्या मनात काही वाकडं नाही. त्याने कलम लावलं, पाणी घातलं, फळ काढलं. त्याचा माल देवगडच्या पेटीत भरला जातो तेव्हा त्याच्याही गावाचं नाव पुसलं जातं, आणि वरचा फायदा त्याच्या हाती लागत नाही, मधल्याच्या लागतो. आफ्रिकेतल्या मलावीचा आंबा नोव्हेंबर-डिसेंबरात वाशीला उतरतो तो 'मलावी हापूस' म्हणून. हापूस या शब्दावरून त्याच्याशी भांडण होऊ शकतं, पण फळ कुठून आलं हे तरी गिऱ्हाइकाला कळतं. आत्याच्या पेटीने तेवढंही सांगितलं नव्हतं.

खोटं नाव लावणाऱ्याला या कायद्यात सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड आहे. गुन्हा दखलपात्र आहे. पण झडती आणि जप्ती करायला पोलीस उपअधीक्षक किंवा वरच्या दर्जाचा अधिकारी लागतो आणि त्याने आधी मानांकनाच्या निबंधकांचं मत घ्यायचं, तेही त्याच्यावर बंधनकारक. नोंदणी कार्यालय चेन्नईला. रेशमाच्या साडीच्या बाबतीत हे चालेल, साडी दुकानात सहा महिने पडून राहते. आंब्याची पेटी सकाळी वाशीला उतरते, दुपारी फुटते, संध्याकाळी ठाणे-डोंबिवलीच्या हातगाडीवर असते. चेन्नईहून मत येईपर्यंत पुरावा कुणाच्या तरी आमरसात गेलेला असतो. नाशवंत मालासाठी ही तरतूद बदलायला हवी. जिल्ह्याच्या ठिकाणी, कृषी विद्यापीठाच्या किंवा फलोत्पादनाच्या अधिकाऱ्याला तिथल्या तिथे मत देण्याचा अधिकार मिळाला पाहिजे. यासाठी दिल्लीला दुरुस्ती करावी लागेल आणि ती कोकणातल्या खासदारांनी मागायला हवी.

पेटीचा नियम मात्र राज्याच्या हातात आहे. वाशीची बाजार समिती राज्याच्या १९६३ च्या पणन कायद्याखाली चालते. आत येणाऱ्या गाडीची नोंद फाटकावर होतेच. त्याच नोंदीत मालाचा तालुका घ्या आणि पेटीवरच्या नावाशी तो जुळतो का ते तिथेच पाहा. जुळत नसेल तर ती पेटी कोकणच्या नावाने विकली जाणार नाही, एवढंच ठरवा. छापील रिकाम्या पेट्या हंगामात भंगारवाल्यांकडून पुन्हा बाजारात येतात, त्यांवरचं नाव खोडल्याशिवाय त्या वापरता येऊ नयेत. आणि पेटी फोडून माल पुन्हा भरला, तर कोणी भरला आणि कुठे भरला हे वर लिहिलं गेलंच पाहिजे. घोळ बहुतेक वेळा बागेत होत नाही, पेटी फुटून पुन्हा बांधली जाते त्या अर्ध्या तासात होतो.

इटलीतल्या पार्मा गावचं डुकराचं मांस जगभर नावाजलेलं आहे. ते कापायचं आणि पाकीटबंद करायचं तेही त्याच मुलखात, अशी तिथल्या उत्पादकांची अट. इंग्लंडातल्या एका मोठ्या दुकानसाखळीने इंग्लंडात कापलेलं, पाकीटबंद केलेलं मांस विकलं आणि भांडण युरोपीय न्यायालयात गेलं. २००३ साली न्यायालयाने मान्य केलं की कापणं आणि बांधणं हा नावाच्या विश्वासाचाच भाग असू शकतो, आणि तशी अट घालता येते. मात्र अट आधी लोकांना नीट कळवलेली असली पाहिजे, असंही बजावलं. आपल्याला यातून घेण्यासारखं पुष्कळ आहे. कोकणचं नाव हवं असेल तर शेवटची पेटी कोकणात बांधलेली असावी, आणि बाहेर फोडली तर ते नाव उतरावं. देवगडच्या बागायतदारांच्या सहकारी संस्थेने २०२५ च्या हंगामात प्रत्येक आंब्यावर वेगळ्या क्रमांकाचं स्टिकर लावायला घेतलं, ते याच दिशेचं पाऊल आहे. फळावरचं स्टिकर काढून दुसऱ्या फळावर चिकटवता येत नाही अशी त्याची रचना आहे, आणि गिऱ्हाइकाला फोनवरून क्रमांक पडताळता येतो. खाडीच्या पलीकडच्यांनी हे केलं याचा मला आनंद आहे. अलीकडच्यांनीही करावं.

पण नियम म्हटला की पहिला भार पडतो तो प्रामाणिक आणि लहान माणसावर, हे मला घरातच दिसतं. मानांकनाचं नाव वापरायचं तर बागायतदाराला 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून नोंद करावी लागते. त्याचं सरकारी शुल्क २०२० साली पाचशेवरून दहा रुपयांवर आणलं गेलं, ही मोठी सोय झाली. अडचण शुल्काची उरलेलीच नाही. आमच्या सातबाऱ्यावर सतरा नावं आहेत. आजोबांचे भाऊ, त्यांची मुलं, त्यांतली निम्मी मुंबईत, दोन बडोद्याला. बाग कसतो मी, पण उतारा सामाईक. कागद दाखल करायला गेलो तर आमच्याकडे सगळ्यांची संमतीपत्रं मागितली. कोकणात हे घरोघरचं दुखणं आहे. त्याच्याही पुढे, कितीतरी बागा कराराने दिलेल्या असतात. फळ काढणारा, पेटी भरणारा, बाजारात पाठवणारा करारदार असतो आणि उताऱ्यावर त्याचं नावही नसतं. ग्रामपंचायतीचा दाखला आणि पीकपाहणीची नोंद पुरेशी मानली, तर हजारो लहान बागायतदार एका हंगामात नोंदीत येतील. नाही मानली, तर नोंद मोठ्या बागवाल्यांची राहील आणि लहान माणूस स्वतःच्याच गावाचं नाव वापरून गुन्हेगार ठरेल.

आता आपल्या घरातलं बोलायला हवं, कारण कर्नाटकाकडे बोट दाखवणं सोपं आहे. वेंगुर्ल्याच्या काजूलाही मानांकन आहे. १९५७ साली सुरू झालेल्या तिथल्या फळसंशोधन केंद्राने दिलेल्या वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ या जाती आज डोंगरडोंगर उभ्या आहेत. पण देशातल्या काजू कारखान्यांना इथली बी पुरत नाही. आयव्हरी कोस्ट, टांझानिया, बेनिनकडून बोटीने बी येते आणि ती आपल्याही कारखान्यांत फोडली जाते. यात गैर काही नाही, त्यावर शेकडो बायकांची चूल पेटते. गैर सुरू होतं ते पाकिटावर. 'कोकणचा काजू' असं मोठ्या अक्षरात, शेजारी नारळीच्या झाडाचं चित्र, आणि बी कुठली हे कुठेच नाही. मुंबईला जाणारा चाकरमानी स्टँडवर गाडी थांबली की ते पाकीट घेतो, गावची आठवण म्हणून शेजाऱ्यांना वाटतो. आत्याच्या पेटीसारखंच हेही आहे, फक्त इथे अंथरलेला पेपर मराठी आहे. बी इथली की आयात केलेली, एवढे दोन शब्द पाकिटाच्या दर्शनी बाजूला सक्तीचे करा. ही मागणी कोकणातूनच जायला हवी. दुसऱ्याला चोर म्हणायचा अधिकार आपल्याला त्यानंतरच आहे, असं मला मनापासून वाटतं.

आंब्याच्या पल्पचंही तेच. लेबलावर ज्या घटकाचा शब्दाने किंवा चित्राने गाजावाजा केला असेल त्याचं प्रमाण टक्क्यांत द्यायचं, असा अन्नसुरक्षेचा नियम आहे. चांगला नियम आहे. पण तो आंबा किती हे सांगतो, कुठला आणि कोणत्या जातीचा ते सांगत नाही. डब्यावर हापूसचं चित्र असेल तर आतल्या आंब्यात हापूस किती आणि तोतापुरी किती, हेही त्याच ओळीत यावं.

लेबलाच्या भाषेचा मुद्दा फारसा कुणी काढत नाही, पण मला तो महत्त्वाचा वाटतो. पाकीटबंद अन्नावरची सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत द्यायची असते. मराठी चालते, पण जादा म्हणून. आमच्या वाडीतल्या बायकांचा बचत गट आहे, माझी वहिनी त्यात आहे. पावसाच्या तोंडावर रातांबे फोडून त्या आगळ करतात. आगळ म्हणजे मीठ घातलेला कोकमाचा रस, सोलकढीसाठी. साखरेतलं ते अमृत कोकम, सरबतासाठी. हा फरक आमच्याकडे पोरांनाही ठाऊक असतो. पाव लिटरच्या बाटलीचं लेबल ते केवढं! त्यात सक्तीच्या ओळी बसवता बसवता छापणाऱ्याने 'आगळ' हा शब्द बारीक करून कोपऱ्यात टाकला आणि वर इंग्रजीत 'कोकम कॉन्सन्ट्रेट' छापलं. पुण्याहून एका गिऱ्हाइकाचा फोन आला. त्यांनी ते सरबत समजून थंड पाण्यात घालून पाहुण्यांना दिलं होतं. वहिनी हिरमुसली. माल चोख होता, नावच गेलं होतं. 'आगळ' या तीन अक्षरांत मीठ आहे, सोलकढी आहे, टिकवायची पद्धत आहे. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला मानांकन मिळालं, आणि त्याच कोकमाच्या पदार्थाचं खरं नाव लेबलाच्या कोपऱ्यात. जिथे पदार्थ बनतो तिथल्या भाषेतलं त्याचं नाव सगळ्यांत मोठ्या अक्षरात असावं आणि त्या राज्याच्या भाषेतलं लेबल विक्रीला पुरेसं मानावं, निदान राज्याच्या आत तरी.

सगळ्याच नावांना कुंपण घालावं असं मात्र मी म्हणणार नाही. मालवणी मसाल्याचं पाहा. तो मातीचा नाही, हाताचा आहे. गिरणगावात आलेल्या बायकांनी तो गावाहून शिकून आणला, चाळीच्या गच्चीवर मिरच्या वाळवल्या, डंकावरून कुटून आणला. डोंबिवलीत तिसऱ्या पिढीची सून आज जो मसाला करते तो मालवणीच आहे, मिरची बाहेरची असली तरी. तिला 'मालवणी' लिहायला बंदी करणारा कायदा मला नको. तिने 'मालवणी मसाला, डोंबिवली' असं लिहावं, बस्स. खाज्याची गोष्टही तशीच. गोव्याच्या खाज्यांना मानांकन मिळालं, पण मालवणच्या जत्रेत गुळाची खाजी पिढ्यानपिढ्या विकली जातात. सीमा सरकारने आखली, खाजी त्याआधीची. गोव्याची ती गोव्याची आणि मालवणची ती मालवणची, असं म्हणायला जागा असलीच पाहिजे.

हाच न्याय मी हापूसलाही लावतो, आणि इथे माझे बागायतदार मित्र माझ्यावर रागावतात. गुजरातकडून 'वलसाड हापूस' या नावासाठी अर्ज झाला, तेव्हा कोकणातून जोरात हरकत घेतली गेली. हापूस म्हणजे कोकणचाच, हा त्यामागचा आग्रह. त्यातली माया मला कळते, ती माझीही आहे. पण हापूस हा शब्द पोर्तुगीज अफोन्सोवरून आला असं मानलं जातं, तो समुद्रावरून आलेला आहे. त्या एका शब्दाभोवती भिंत बांधली तर उद्या बाजारातला माणूस दुसरा शब्द शोधील. त्याऐवजी गावाचं नाव सक्तीचं करा: हापूस जेवढ्या अक्षरात, तेवढ्याच अक्षरात तालुका. वलसाडचा असेल तर वलसाड, धारवाडचा असेल तर धारवाड, राजापूरचा असेल तर राजापूर. समान नावाच्या दोन मुलखांना वेगळं ओळखता येईल अशा रीतीने नोंद देण्याची सोय आपल्या कायद्यात आहेच. ज्याला आपल्या फळाची खात्री आहे त्याला आपलं गाव लिहायला भीती वाटायचं कारण नाही, आणि आमच्या कातळाच्या फळाची मला खात्री आहे.

पेट्यांची ऑर्डर पौष-माघात द्यावी लागते, त्यामुळे बाजार समितीला काही ठरवायचं असेल तर त्याआधी ठरवावं लागेल. मार्चमध्ये परिपत्रक काढलं तर पेट्या छापून झालेल्या असतात.

वडिलांचा साचा आता कडांना गंजला आहे, अक्षरं फुटतात. नवा कापायला दिला आहे. गावाच्या नावाखाली एक ओळ जास्त ठेवायला सांगितली आहे, अधिकृत वापरकर्त्याच्या क्रमांकासाठी. क्रमांक अजून आलेला नाही. बडोद्याच्या दोन चुलत भावांच्या सह्या राहिल्या आहेत.